कधी थांबायचं

उमेओहून पेटी आली रात्री अकरा चाळीसला.
बर्फ, बर्फात पिशवी, पिशवीत आणखी पिशवी.
कागदावर वय चव्वेचाळीस, रक्तगट, वेळ.
नाव नसतं. नसावंच.
उप्सालाच्या या तळघरात मी बूट काढून आत जाते,
नियमच आहे तसा, निर्जंतुक खोलीचा;
पण मला दरवेळी वाटतं, कुणाच्या तरी घरी आलेय.

अब्दीनं चरबी सोलली. हात अजून नवे त्याचे,
आणि स्वादुपिंड गाभोळीसारखं, धरावं तर निसटतं.
नळीतून विकर सोडलं, ते फुगत गेलं,
मग तुकडे, स्टीलचा डबा, डब्यात सात गोळ्या,
आणि सदतीस अंशांवर हलवत राहणं.
खुळुक. खुळुक.

लवकर थांबलो तर बेटं सालीतच अडकून राहतात,
उशीर झाला तर विकर त्यांनाही विरघळवतं.
मधे काही मिनिटं असतात.
पुस्तकात त्यांचा आकडा आहे,
विकराची बाटली बदलली की तो खोटा ठरतो.
दर दोन मिनिटांनी थेंबभर काढायचं, रंग घालायचा,
भिंगाखाली बघायचं: राखाडी गाळात
लाल झालेलं काही सुटं फिरतंय का.

एकवीस वर्षांत काय केलं, असं भावानं विचारलं होतं.
डबा थोडा सावकाश हलवायला शिकलो, म्हटलं.
तो हसला. मीही.
पण खरंच, त्याहून फार मोठं काही नाही सांगण्यासारखं.

होल्म्योनवर आई लोणी काढायची.
घड्याळाकडे पाठ करून बसायची ती,
आणि घुसळण्याचा आवाज जड झाला की
बोलता बोलता मधेच थांबायची.
आमच्या त्या किनाऱ्यावर जमीन अजून वर येतेय,
हजारो वर्षांपूर्वीचं बर्फाचं ओझं उतरल्यापासून,
वर्षाला नखाच्या रुंदीएवढी.
वडिलांच्या नकाशात नसलेले खडक
आता होडीच्या तळाला लागतात.
बेटं अशीही येतात,
कुणी न हलवता.

"थांबवू?" अब्दी विचारतो.
मी कान देते. गोळ्या अजून कोरड्या वाजताहेत.
"नाही."
मग बारावं मिनिट. मग तेरावं.
"आता." थंड द्रावण, धावपळ, गरगर फिरणारं यंत्र,
जड ते तळाला, हलकं ते मधल्या थरात.

कपाटाच्या दाराला आतून एक पत्र चिकटवलंय.
आमच्यापर्यंत पोचण्याआधी त्यातली नावं खोडलेली.
कुणा एकाची बायको लिहिते:
अठरा वर्षं पहाटे तीनचा गजर लावला,
त्याचं कपाळ घामेजलंय का, चाचपून बघायला.
साखर उतरताना त्याला स्वतःला कळायचं बंद झालं होतं.
आता तुमची बेटं त्याच्या यकृतात राहतात,
परक्या घरात, पण कामाला लागलीत.
मी मात्र अजून तीनला उठते.
स्वयंपाकघरात बसते.
या वेळेचं काय करायचं, ते तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

उत्तर पाठवायची परवानगी नाही आम्हाला.
असती तरी काय लिहिलं असतं!

पहाटे पावणेसहाला मोजणी संपली.
दोन लाख, आणि वर थोडी.
माणसाला द्यायला ती पुरत नाहीत.
वरच्या मजल्यावर डॉक्टर फोनवर "बरं" म्हणाले,
पुन्हा म्हणाले, "बरं."
कुठल्याशा गावात बॅग भरून बसलेल्या कुणाला तरी
आता ते सांगतील, आज नाही.
बेटं संशोधनाला जातील. त्या घरच्यांनी
त्या रकान्यातही सही केली होती.

अब्दी सिंकपाशी गोळ्या धूत होता. सात मोजल्या,
पुन्हा मोजल्या.
"माझ्यामुळे?" त्यानं विचारलं.
"'आता' मी म्हणाले होते. लिही: तेरा मिनिटं,
बाटलीचा क्रमांक, गोळ्यांचा आवाज कोरडा."
"आवाजाला रकाना नाही."
"मग समासात लिही."
त्यानं लिहिलं. अक्षर बारीक, तिरकं.

उजाडायला अजून तीन तास होते.
दाराशी त्याचे बूट आणि माझे,
खाली बर्फ वितळून झालेलं थोडं पाणी.